मधली पट्टी

रेवजीबाबांचा निरोप आला त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी पाच मिनिटं एका जागी बसलं नाही. निरोप एवढाच होता: "औंदा दोन्ही भाऊ एकाच होडीत बसून आले तर सुनेला आखाजीला धाडीन. नाही आले तर यापुढं विचारायला बी येऊ नका."

सून म्हणजे आमची नर्मदा, माझी नणंद. तापीच्या पल्याड दिलेली. तीन आखाज्या गेल्या, पोर माहेरी आली नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या सगळ्या लेकी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, सासूच्या नकला करतात. आमच्या दारच्या निंबाला तीन वर्षं दोर लागला नव्हता. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण त्या निंबाकडे बघत बघत जायचे.

रेवजीबाबांचं चुकत होतं असं नाही. सासरे वारले, दोन्ही भावांनी वाटण्या केल्या आणि पहिल्याच आखाजीला एका पोरीला न्यायला दोन गाड्या गेल्या. वरती दोन कोसावर उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असतं, तिथून. एका गाडीत थोरला उखा, दुसरीत धाकटा दोधू. धाकटा म्हणजे माझा नवरा. तेव्हा त्याचं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती, आता दातच नाहीत, जिभेची काय भीती! दोघं अंगणात उभे. रेवजीबाबा म्हणाले, "मी कोना घर धाडू? अर्धी थोरलाकडे, अर्धी धाकलाकडे?" आणि दोन्ही गाड्या रिकाम्या परत पाठवल्या. लग्न झालं तेव्हा नर्मदा होडीतून गेली होती, दोन भाऊ दोन बाजूंना बसून. तेव्हापासून त्यांचं एकच: तशीच न्या.

आता ती होडी. तिच्यासाठी सासऱ्यांनी जो साग तोडला तो इतका जाड होता की तोडणारे दोघं पहिल्या दिवशी दोन बाजूंनी लागले आणि एकमेकांचं तोंड त्यांनी तिसऱ्या आठवड्यात बघितलं. एकानं तोवर दाढी वाढवली होती, दुसऱ्यानं ओळखलं नाही. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. होडी मात्र खरी होती, पंचवीस माणसं आणि एक गाय बसायची.

वाटणीत वावरं झाली, बैल झाले, विहिरीच्या पाळ्या झाल्या. होडी उरली. पंचांनी तिच्या नाकापासून शेपटापर्यंत सुतळी ताणली. उजवी बाजू थोरल्याची, डावी धाकट्याची. सुतळी पडली ती बरोब्बर तळाच्या मधल्या लांब फळीवर. तिला आम्ही पट्टी म्हणायचो. वीतभर रुंद. दोघं म्हणाले माझी. दोन दिवस त्या वीतभर लाकडावरून भांडले. तिसऱ्या दिवशी पंच वैतागले आणि म्हणाले, ती कोणाचीच नाही. मंग दोघांना तापीत उभं केलं, ओंजळीत पाणी दिलं आणि वदवून घेतलं: पट्टीला मी हात लावणार नाही, माझ्या घरचं कोणी लावणार नाही, माझा लावलेला माणूस लावणार नाही.

त्याच हिवाळ्यात थोरल्यानं आपल्या बाजूला कापसाच्या गाठी भरल्या. धाकट्यानं आपली बाजू मुद्दाम रिकामी ठेवली. होडी डोहाच्या मधोमध कलंडली. गाठी वाहत सुरतेला गेल्या, त्या साली तिथल्या माशांनी गोधड्या भरल्या म्हणतात. होडी काठावर ओढून पालथी टाकली ती तीन वर्षं तशीच.

चौतीस साल होतं. आखाजीला नऊ दिवस उरले होते.

*

होडी सरळ केली तर खालून एक मुंगसाची जोडी निघाली, वाहरू गुराख्याची हरवलेली कुऱ्हाड निघाली आणि माझ्या जावेची, कमलबाईची, कोंबडी अकरा पिल्लं घेऊन अशा तोऱ्यात बाहेर आली जसं आम्ही तिच्या घरात घुसलो.

शहाद्याहून हारुन मिस्त्री आले होते. टांगे, गाड्या, होड्या, सगळं करायचे. बोटांनी फळ्या ठोकत, कान लावत, ते होडीभोवती दोनदा फिरले.

"लाकूड अच्छा है," ते म्हणाले. "फटी उघडी पडेल शेत. त्यास्मा अंबाडीना धागा ठोकना पडी, वरतून राळ. मंग रंग. आठ दिवस."

"मन्ही बाजू पहिले," उखाभाऊ म्हणाले.

"काय म्हनून?" दोधू म्हणाला. "डावीकडे ऊन पहिले येस."

"मिस्त्री मी बलाया."

"राळ मी आनी."

हारुनभाईंनी डोक्याची टोपी काढली, झटकली, परत घातली. "एक काम करा. उजवीकडली एक फट, मंग डावीकडली एक फट. मी इकडून तिकडे उड्या मारतो. मन्ही बी कसरत होई."

आणि खरंच आठ दिवस त्या माणसानं तसंच काम केलं. थोरल्याची अंबाडी संपली तर धाकट्याच्या ढिगातली एक काडी घ्यायची नाही. राळीच्या कढया दोन, चुली दोन. थोरल्यानं दोंडाईच्याहून हिरवा रंग आणला, म्हणून धाकट्यानं लाल आणला. सासूबाई, म्हणजे फुलवंताबाई, दिवसातून अकरा वेळा घर ते काठ करायच्या. आल्या की विचारायच्या, "कितलं हुयनं?" आणि उत्तर ऐकायच्या आत परत निघायच्या.

"माय, घर जाय, ऊन लागी जाई," उखाभाऊ ओरडायचे.

"तुम्ही मन्ही पोरले आना, मंग मी घर बठसू."

आठव्या दिवशी हारुनभाईंनी हात पुसले आणि विचारलं, "दोन्ही बाजू झाल्या. आते हाई मधली पट्टी. हिन्या दोन्ही कडा उघड्या शेत, बोट जास. ही कोनी शे?"

दोघं भाऊ आठ दिवसांत पहिल्यांदा एका सुरात बोलले, "मन्ही नही."

"तुमनी नही, त्यानी नही, मंग माले सांगी कोन?"

"कोनीज नही सांगाव," उखाभाऊ म्हणाले. "तापीनं पानी लिधेल शे हातमा."

"अरे, पर बिना भरे ये तैरेगी कैसी?"

दोधूनं नदीकडे बघितलं, उखाभाऊंनी आकाशाकडे. दोघांच्या मनात एकच होतं: दुसऱ्यानं शब्द मोडावा, म्हणजे जन्मभर बोलून दाखवता येईल.

तेवढ्यात सासूबाईंची सातवी की आठवी फेरी आली. त्यांनी ऐकलं आणि पदर खोचला. "मी सांगस. भर रे हारुन."

"माय, तू आते मन्हा घर खास," उखाभाऊ हळूच म्हणाले. "तू सांगं म्हंजे मन्हा घरनं सांगं."

म्हातारी बघतच राहिली. सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे, अशी तिची बी वाटणी झालीच होती. पण ते असं कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. होडीच्या कडेला हात लावून उभी राहिली. तिचा हात हिरव्या रंगावर होता की लाल, ते मी बघितलं नाही. रंग ओला होता आणि तिनं तो लुगड्याला पुसला, एवढं आठवतं.

*

त्या दुपारी मी आणि माझी जाऊ कमलबाई पापड लाटत होतो. घरं दोन, पण मागचं अंगण एकच होतं आणि पंचांना मागच्या अंगणाची आठवण झाली नव्हती. नवऱ्यांसमोर आम्ही एकमेकींकडे पाठ करायचो. मागं मात्र एकाच पोळपाटावर.

"छबू, परवा आखाजी," कमलबाई म्हणाली. "उद्या नही गयात ते संपनं. म्हातारी जेवी नही ऱ्हायनी."

"मोठीबाई, दोन्हीले बठाडनं पडी."

"कोना बाप बठाडी?"

"तुम्ही मन्हावालाले बठाडा. मी तुमनावालाले."

ती हसली आणि पापडाला भोक पडलं. "तू जेठसंगे बोलशी कशी वं?"

कारण जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, मी तोंड उघडायचं नव्हतं. पदर नाकापर्यंत, आवाज पोटात. पण रिवाजात एक फट होती. म्हशीशी बोलायला कोणाची बंदी नव्हती. उखाभाऊ ओट्यावर बसले की मी आमच्या म्हशीला पाणी दाखवायला जायची आणि जे काय सांगायचं ते म्हशीला सांगायची. माझ्या म्हशीला घरातलं इतकं माहीत होतं की ती पंचात बसली असती तर सगळ्यांचे निकाल लागले असते.

त्या संध्याकाळी ऊन उतरताना उखाभाऊ ओट्यावर अस्वस्थ बसले होते. उठत होते, बसत होते. मी म्हशीच्या पाठीवर पाणी टाकलं.

"ऐकं का वं भुरी," मी म्हटलं, "आमनाकडला सांगी ऱ्हायना, उद्या मी एकटा होडी टाकस. म्हने, थोरला पानीले घाबरस. कापूस बुडना तवयपासून त्याना पाय थरथर करतस."

ओट्यावरचा हुक्का बंद झाला.

"आते खरं काय, खोटं काय, आपले काय माहीत," मी म्हशीला म्हटलं. "तू पानी पी."

त्याच वेळी तिकडे कमलबाई दिराला ताक देता देता सांगत होती की थोरला म्हणतो, धाकटा सासरी पोहायला शिकला तो खड्ड्यात शिकला, डोहात त्याची छाती होणार नाही. दिरासंगं बोलायला तिला म्हैस लागत नव्हती.

दोघांनी बी एकच विचारलं, "कोन म्हनस?" आणि दोघांनी ताक अर्धं टाकून दिलं. म्हणजे एकानं ताक, दुसऱ्यानं हुक्का.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात उतरली. उजवीकडून हिरवी, डावीकडून लाल. हिरवीकडून बघणाऱ्यांनी हिरवी म्हटली, लालकडून बघणाऱ्यांनी लाल, आणि काठावर त्यावरून बी दोन तट पडले. मधे वीतभर उघडं, राखाडी लाकूड. पाण्यात पडताच पट्टीच्या कडांनी बारीक बारीक बुडबुडे यायला लागले.

हारुनभाई म्हणाले, "मी बी येस." आणि आपली पेटी घेऊन शेपटाला बसले. "मन्हं काम बुडताना मी काठवर उभा ऱ्हावाव नही."

उखाभाऊ आपल्या बाजूला, दोधू आपल्या बाजूला. मधे एक घागर, पाणी उपसायला. घागर कोणाची ते मी सांगत नाही, मागच्या अंगणातली होती.

होडी निघाली. काल मोठी मजा वाटली होती. आज बघते तर होडीच्या कडा पाण्यापासून दोन वीत वर, मंग दीड वीत. आखाजीच्या आदल्या दिवशी, आमच्या जिभेमुळे दोन घरांचे दोन कर्ते डोहात. कमलबाईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली. दोघींपैकी कोणीच खाली बघितलं नाही. सासूबाई पाण्याच्या कडेनं पुढं मागं, पुढं मागं चालत होत्या.

पुढचं उखाभाऊंनी सांगितलेलं, म्हातारपणी, हसत हसत. त्यांच्या पायाशी पाणी आलं. त्यांनी धाकट्याकडे बघितलं. त्याच्याही पायाशी तेवढंच होतं.

"तुन्हा बाजूनं पानी यी ऱ्हायनं," ते म्हणाले.

"मन्ही बाजू कोल्ली खडखडीत शे. तुन्ही देख."

"भांडन मंग करा," हारुनभाई म्हणाले. "उपसा!"

घागर एक. थोरला आपल्या बाजूचं पाणी उपसायचा, तेवढ्यात धाकट्याकडचं पाणी सरकून तिथं यायचं. उखाभाऊ मला म्हणाले, "छबू, मी तवय पानीवर इतला चिडनू! मन्ही बाजू रिकामी करू ते त्यानी बाजूनं पानी मन्हाकडे! मी म्हन, हाऊ काय न्याय शे?" डोहाच्या मधोमध पाणी पोटऱ्यांना लागलं. कापूस कलंडला तीच जागा. आणि त्यांचे पाय खरंच थरथरायला लागले. म्हशीला मी जे खोटं सांगितलं ते खरं निघालं.

दोधूनं ते बघितलं. त्यानं आपली बाजू सोडली, पट्टी ओलांडून पलीकडे गेला नाही बरं का, पट्टीवरून हात लांब केला आणि घागर थोरल्याच्या हातातून घेतली.

"तू वल्हव दादा," तो म्हणाला. "मी उपसस. कोठलं बी."

*

पल्याड नर्मदा पहाटेपासून गाठोडं घेऊन उभी होती. तीन वर्षं तिनं दर आखाजीला गाठोडं बांधलं होतं आणि दर आखाजीला सोडलं होतं. सासूनं शेवटी शेवटी गाठीकडं बघणं बी सोडून दिलं होतं.

होडी आली ती अर्धी पाण्यानं भरलेली. दोन्ही भाऊ छातीपर्यंत ओले, पगड्या वेड्यावाकड्या. रेवजीबाबा मिशीत हसले. "यी गयात बरं, एकाच होडीमा. जाय सूनबाई."

नर्मदा होडीपाशी आली. हिरवीकडे बघितलं, लालकडे बघितलं. पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"दादा, मी कोना वाटामा बठू?"

"बठ कोठे बी," उखाभाऊ म्हणाले.

"तुन्हाकडे बठनी ते दोधू रुसी. दोधूकडे बठनी ते तू. तीन वरीस मी पल्याडतून तुमना दोन्हीना धूर देखी ऱ्हायनी. दोन चुली, दोन धूर. कोना धूरले माहेर म्हनू?"

हारुनभाई घागरीनं उपसतच होते.

"हाई मधली कोनी शे?" तिनं विचारलं. "हिले रंग बी नही."

"ती कोनीज नही," दोधू म्हणाला. "तिले आम्ही हात लावाव नही, आमना घरना कोनी लावाव नही. पानी लिधेल शे."

"मी कोना घरनी शे?"

भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. दिलेली पोर. ना थोरल्याच्या घरची, ना धाकट्याच्या.

"मंग ती मन्ही," नर्मदा म्हणाली.

रेवजीबाबांची मिशी थांबली. "सूनबाई, तू आखाजी कराले जाई ऱ्हायनी का माहेरमा वाटा मांगाले? पोरले वाटा ऱ्हास का कोठे?"

"आबा, मी काय मांगं?" तिनं पदर सावरला. "जी कोनीज नही ती मी उचली लिधी. हारुनभाई, भरा ही पट्टी. मी सांगी ऱ्हायनी."

हारुनभाई घागर टाकून उभे राहिले. आठ दिवसांत पहिल्यांदा दात दिसले. "या अल्ला, मालकीन सापडली!"

रेवजीबाबांच्याच माणसांनी होडी वाळूवर ओढली, पालथी केली. वैशाखाचं ऊन, तासाभरात लाकूड खडखडीत. हारुनभाईंनी पेटी उघडली. अंबाडी नर्मदेनं स्वतः पिळून दिली. राळ रेवजीबाबांच्याच चुलीवर तापली. ते म्हणे चुलीपाशी दोनदा आले आणि दोनदा तसेच परत गेले. दोन्ही भाऊ लांब सावलीत बसले होते, हात लावायचा नव्हता म्हणून. पण एकाच झाडाच्या सावलीत.

"रंग कोनता देऊ?" हारुनभाईंनी विचारलं. "टांगाना चाकनासाठे पिवळा शे मन्हाकडे."

"द्या," ती म्हणाली. "पर आठे नही. घर जाईसन मी देसू."

होडी परत आली तेव्हा आतमधे टिपूस नव्हता. सासूबाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. दोन्ही भाऊ होडीतून ओरडत होते, "माय, मांगे सर!" तिला ऐकू गेलं नाही. नर्मदा पट्टीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही बाजूंना न शिवता. म्हातारीनं होडीचं नाक धरलं आणि पहिलं वाक्य बोलली, "कितली काळी पडी गई वं!" आणि मंग रडली.

*

आखाजी झाली. निंबाला दोर लागला. दोन्ही घरांत पुरणपोळ्या झाल्या आणि नर्मदेनं दोन्हीकडे जेवून मागच्या अंगणात ओकारी काढली, इतकी जेवली.

आठ दिवसांनी रेवजीबाबांचा माणूस गाडी घेऊन वरच्या उतारानं आला. नर्मदेनं त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. "आबास्ले सांग, त्यास्नीज अट शे. होडीमा उनी, होडीमाच जासू. होडीना रंग अजून वायना नही."

कारण पट्टीला तिनं पिवळा रंग दिला होता, जवसाच्या तेलात कालवून. जवसाचं तेल वाळायला वेळ लावतं, हे तिला हारुनभाईंनी सांगितलं होतं. किती वेळ, ते मात्र तिनं विचारलं नव्हतं, ठरवलं होतं. आणि पट्टी तिची. ती सांगेल तेव्हा होडी निघायची. उखाभाऊ एकदा म्हणाले, "नर्मदा, चाल आते." ती म्हणाली, "मन्ही बाजू वल्ली शे दादा. तुन्ही बाजू घीसन एकटा जाय."

मंग रेवजीबाबा स्वतः पल्याडच्या काठावर यायला लागले. उन्हाळ्यात पात्र आकसतं, हाक जाते. रोज सकाळी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचे, "वायना का?"

तीन आखाज्यांचे दिवस वसूल होईपर्यंत तो रंग वाळला नाही. कसा वाळणार? रोज उजाडताच कोणीतरी जाऊन पट्टीला नवा हात द्यायचं. पहिले काही दिवस नर्मदा स्वतः जायची. मंग शपथ विसरून मी गेले, कमलबाई गेली. एकदा दोधूला मी कुंचा लपवताना पकडलं, पिवळी बोटं घेऊन म्हणाला, हळद कांडत होतो. पट्टी अशी जाड झाली की होडीत बसताना पाय अडायचा.

आणि एका सकाळी मी काठावर गेले तर सासूबाई आधीच तिथं होत्या. होडीत ओणव्या, लुगडं खोचलेलं, कोपरापर्यंत पिवळ्या. पल्याडहून व्याह्यांची हाक आली.

"वायना का, याहीन?"

म्हातारी ताठ उभी राहिली. तीन वर्षांत तिचा इतका मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"वल्ला शे, याहीबुवा!" ती ओरडली. "कालनापेक्षा बी वल्ला शे!"